मॉरिशसचे सात दिवस : लगूनच्या आत, लगूनच्या बाहेर

मॉरिशसचं तिकीट काढलं की घरची मंडळी विचारतात ते चोर आणि साप यांच्याबद्दल. विषारी साप या बेटावर नाहीत. भुरट्या चोऱ्या होतात, पण त्यांनी सहल बिघडते, जीव जात नाही. पर्यटकाच्या जिवावर बेततं ते बहुतेकदा पाण्यामुळे आणि रस्त्यामुळे. प्रवाळभिंतीच्या फटीतून बाहेर ओढणारं पाणी, डोंगरावरून बघता बघता शहरात उतरणारं पाणी, घाटातल्या ओल्या वळणावरचं पाणी. पुढचा सात दिवसांचा मार्ग हे लक्षात ठेवूनच आखला आहे.

आधी हंगाम. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे, म्हणजे ऋतू आपल्या उलट. चक्रीवादळांचा काळ १ नोव्हेंबर ते १५ मे धरला जातो आणि त्यातही जानेवारी ते मार्च सर्वांत धोक्याचा. नाताळच्या सुट्टीतली सहल या काळातच येते, दिवाळीची त्याच्या तोंडावर. शाळा सुटल्यावर मेच्या उत्तरार्धात गेलेलं उत्तम. जून ते सप्टेंबर हवा गार असते, पण आग्नेयेकडचे वारे पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतात आणि पश्चिम किनारा त्या मानाने शांत राहतो. म्हणून मुक्काम पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला. इतक्या लहान बेटावर रोज हॉटेल बदलण्यात काही अर्थ नाही.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला विमानतळावरच विनाशुल्क प्रवेश मिळतो. मात्र परतीचं तिकीट, राहण्याचं आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हातात हवा, आणि प्रवासाआधी भरायचा ऑनलाइन फॉर्मही. थेट मुंबईहून न जाता स्वस्त तिकिटासाठी नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर पीतज्वराच्या लशीचा नियम दोन्ही बाजूंनी तपासा. मॉरिशस विचारतंच, पण परत येताना भारतातही विचारतात. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्यामुळे आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

बॅगेची खरी तपासणी घरीच करायची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रामाडोल, कोडीन असलेलं कफ सिरप अशी औषधं आपल्याकडे घराघरांत सापडतात, पण मॉरिशसचे अंमली पदार्थांचे कायदे कडक आहेत. घेणं भागच असेल तर मूळ पाकिटात, प्रवासापुरतीच आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. शेजाऱ्यांच्या नातेवाइकासाठी औषधाचं पुडकं नेऊ नका. ई-सिगारेटवर बंदी आहे आणि सिगारेट वळायचे कोरे कागद बाळगणंही तिथे गुन्हा ठरतो. आंबे, फुलं, बियाणं, रोपं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. तिथल्या नातलगांसाठी तुळशीची मंजिरी नेण्याचा मोह होतो, तोही आवरा.

विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा. जलक्रीडा आणि डोंगरचढाई वगळलेली आहे का, आणि वादळामुळे विमान रद्द झालं तर वाढीव मुक्कामाचा खर्च मिळतो का. बहुतेक स्वस्त पॉलिसी पहिल्याच मुद्द्यावर हात वर करतात.

पहिला दिवस : विमानतळ ते फ्लिक-आँ-फ्लाक

मुंबईहून साधारण सहा तास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात आणि मुक्काम पश्चिमेला, म्हणजे तासाभराचा रस्ता. भारत हा मलेरियाचा देश मानला जात असल्याने पुढच्या काही दिवसांत आरोग्य खात्याचा कर्मचारी हॉटेलवर येऊन रक्ताचा थेंब मागू शकतो. मॉरिशसने मलेरिया एकदा हटवला होता, १९७५ मध्ये तो परतला आणि पुन्हा हटवायला दोन दशकांहून जास्त वेळ गेला, म्हणून ही दक्षता. ओळखपत्र पाहा आणि सहकार्य करा.

टॅक्सीला मीटरचा भरवसा नाही. भाडं बसण्याआधी ठरवायचं, ते एकूण की माणशी, येण्या-जाण्याचं की एकाच बाजूचं, हेही. पहिल्या संध्याकाळी स्वतः गाडी चालवू नये असं आमचं ठाम मत आहे. वाहतूक डावीकडूनच असल्याने आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. मोटरवेवर गोल चौकामागून गोल चौक येतात आणि चौकात आधीपासून असलेल्या, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावंच लागतं. आपल्याकडे हॉर्न वाजवून नाक घालतात तसं इथे केलं की धडक ठरलेली. गावाबाहेर उसाच्या मळ्यांतून जाणाऱ्या रस्त्यांना दिवे नाहीत, कडेला पदपथ नाही, आणि काळोखात पायी माणसं, सायकली आणि कुत्री अचानक समोर येतात.

गाडी भाड्याने घ्याल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवा. वेगमर्यादा मोटरवेवर कमाल ११० किलोमीटर, वस्तीत ४० ते ६०, आणि कॅमेरे खरंच चालू असतात. रक्तातल्या मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम इतकी खाली आहे. जेवणाबरोबर एक पेग घेतला तरी चाक दुसऱ्याच्या हातात द्या.

दुसरा दिवस : लगून ओळखणे

आज कुठेही जायचं नाही. किनाऱ्यावर उभं राहून समुद्र वाचायचा. पुढचे सगळे दिवस यावर अवलंबून आहेत.

किनाऱ्यापासून काही अंतरावर पांढऱ्या फेसाची रेषा दिसते. ती प्रवाळभिंत. तिच्या अलीकडचं फिकट हिरवं, उथळ पाणी म्हणजे लगून. ही भिंत बेटाभोवती जवळपास सगळीकडे आहे, पण अखंड नाही. फेसाची रेषा जिथे तुटते आणि पाणी गडद निळं दिसतं, तिथे फट आहे. स्थानिक लोक तिला ‘पास’ म्हणतात. होड्या तिथूनच बाहेर जातात आणि पाणीही तिथूनच.

कोकणात वाढलेला माणूस इथे फसतो. आपल्याकडे समुद्राचा अंदाज भरती-ओहोटीवरून बांधतात. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, तर मॉरिशसला तो जेमतेम अर्धा मीटर. त्यामुळे भरतीचं कोष्टक पाहून निर्धास्त होता येत नाही. इथे ओढ तयार होते ती लाटांमुळे. बाहेरची लाट भिंतीवर फुटते आणि तिचं पाणी लगूनमध्ये येऊन पडतं. आलेलं पाणी भिंतीवरून परत जाऊ शकत नाही. ते लगूनमधून आडवं वाहत फटीकडे जातं आणि तिथून जोरात बाहेर पडतं. बाहेर लाटा जितक्या मोठ्या तितकी आत ओढ जास्त, आणि गंमत अशी की लगूनचा पृष्ठभाग तेव्हाही शांत दिसू शकतो. शेकडो किलोमीटरवरच्या वादळाच्या लाटा इथे निरभ्र आकाशाखाली पोचतात. म्हणून हवामान खात्याचा ‘मोठ्या लाटांचा इशारा’ पाहायचा, ऊन पाहायचं नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी एखादी काडी किंवा पान टाकून ते कुठे सरकतं ते दोन मिनिटं पाहा. स्नॉर्केलिंगला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने सुरुवात करा, म्हणजे दमल्यावर परतीचा रस्ता सोपा असतो. पोहण्यासाठी तरंगत्या खुणांनी आखलेला भाग असतो. त्याच्या बाहेर स्पीडबोटींची ये-जा चालते आणि पाण्यात तोंड घालून तरंगणारा माणूस त्यांच्या चालकाला दिसत नाही. एकट्याने जाऊ नका. पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेट घालूनच स्नॉर्केल लावावं, यात लाज कसली?

ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झटापट करू नका, दमून जाल. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि प्रवाहाला आडवं, फटीपासून दूर सरकत राहा. फटीबाहेर गेल्यावर ओढ मंदावते. तिथे थांबून होडीची वाट पाहणं परवडतं. फुटत्या लाटांतून भिंतीवर चढून आत येण्याचा प्रयत्न मात्र करू नका, धारदार प्रवाळावर आपटून माणूस जबर जखमी होतो.

पायात जाड रबरी तळव्याचे बूट हवेत, साध्या स्लिपर पाण्यात निसटतात. दगडमासा म्हणजे स्टोनफिश तळाच्या दगडासारखाच दिसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत तीव्र विष असतं. काटा लागला तर माणसाला पाण्याबाहेर काढा आणि पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम आहे ते निरोगी पायाने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. वर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. गरम पाणी चालू असतानाच ११४ वर सरकारी रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, अग्निशमनासाठी ११५. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा, ओला फोन चालत नाही.

संध्याकाळी वेळ उरला तर जवळच्या कास्काव्हेलकडे चक्कर मारता येते. इथली मराठी वस्ती जुनी आहे, आणि गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. सहल त्या दिवसांत असेल तर विसर्जनाला रस्ते तुंबतात आणि गर्दी पाण्यात शिरते. आपण वाळूवरूनच पाहावं. आरास नेणाऱ्यांना तळ ठाऊक असतो, आपल्याला नाही.

तिसरा दिवस : तामारिन आणि ल मॉर्न

पहाटे तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन पाहायला होड्या निघतात. एकाच कळपाभोवती अनेक होड्या गोळा होतात, आणि भीती डॉल्फिनची नसून इंजिनाच्या पंख्याची असते. होडी पूर्ण थांबल्याशिवाय आणि चालक सांगेपर्यंत पाण्यात उडी नको. खरं म्हणजे होडीतूनच पाहावेत, त्यांनाही तेच बरं. होडी निवडताना किनाऱ्यावर अर्ध्या भावात बोलावणाऱ्याच्या मागे जाऊ नका. पर्यटन प्राधिकरणाचा परवाना आहे का, माणसांइतकी जॅकेटं आहेत का, आणि मुलांच्या मापाची आहेत का, एवढं पाहा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटरचा. पळून आलेल्या गुलामांनी याच्या कड्यांत आसरा घेतला होता, आणि २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पहिला अर्धा रस्ता रुंद आणि सोपा आहे, त्यामुळे लोक चपला घालून, अर्धा लिटर पाणी घेऊन निघतात. वरचा भाग मात्र हाता-पायांनी चढायचा उभा खडक आहे. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, कारण पाय टेकवायची खाच वरून दिसत नाही. बेसॉल्ट ओला झाला की साबणासारखा होतो. सकाळी लवकर, माणशी दोन लिटर पाणी, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट, आणि जाऊन-येऊन तीन ते चार तास. म्हणजे डॉल्फिन आणि डोंगर एकाच सकाळी होत नाहीत, एकच निवडा. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर खालच्या नजाऱ्याच्या जागेवरून परत फिरा. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना हे पटत नाही, पण इथल्या वरच्या टप्प्यात घसरल्यावर अडवायला झाड नाही.

चौथा दिवस : शामारेल, गंगा तलाव

शामारेलचा घाट अरुंद आणि वळणांचा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. स्वयंचलित गाडीतही खालचा गिअर निवडता येतो. सतत ब्रेक दाबले तर ते तापतात आणि लागेनासे होतात. सात रंगांची माती आणि धबधबा कठड्यामागून पाहायचा. ज्यांना धबधब्यात उतरायचं आहे ते सेट कास्काद म्हणजे सात धबधब्यांकडे वळतात. तिथे वाटाड्याशिवाय जाऊ नये. वर पठारावर पाऊस पडला की खालच्या डोहात ऊन असतानाच लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहू लागला किंवा आवाज बदलला, तर सामान सोडून वर चढा.

गंगा तलाव पठारावर आहे. किनाऱ्यावर घाम आणि इथे धुकं, असं एकाच दुपारी होतं, म्हणून हेडलाइट आणि जॅकेट दोन्ही लागतं. मंगल महादेवाची मूर्ती ३३ मीटर उंच, बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या मूर्तीवर बेतलेली. माकडं पिशव्या हिसकावतात. प्रसाद हातात धरून चालू नका, आणि हिसकावलाच तर ओढाताण नको. महाशिवरात्रीच्या आठवड्यात बेटाच्या सगळ्या दिशांनी लाखो पायी यात्रेकरू रात्रंदिवस इकडे येत असतात. मार्च २०२४ मध्ये एक उंच कावड विजेच्या तारेला लागून पेटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दिवसांत रात्री या भागात गाडी घालू नका, आणि चालायचं असेल तर उंच कावडीपासून अंतर ठेवा.

पाचवा दिवस : दक्षिण किनारा

सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला प्रवाळभिंत नाही. दक्षिण महासागरातून निघालेली लाट मध्ये काहीही न लागता थेट कड्यावर येते. म्हणूनच ती जागा इतकी भव्य दिसते, आणि म्हणूनच तिथे पाण्यात उतरायचं नाही. घोट्याइतक्या पाण्यातसुद्धा नाही.

पाँ नात्यूरेल ही समुद्राने कोरलेली दगडी कमान उसाच्या मळ्यांतल्या कच्च्या वाटेने गाठावी लागते. कठडा नाही, रखवालदार नाही. लाटा सारख्या आकाराच्या नसतात. बराच वेळ लहान लाटा येतात आणि मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक. पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं लांबूनच पाहा. खडक जिथे ओला आहे तिथवर लाट आलेली आहे, तेव्हा उभं राहायचं ते कोरड्या खडकावर. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. कोणी पडलंच तर मागून उडी मारू नका. तरंगेल असं काहीही, रिकामा डबा, बंद पाण्याची बाटली, फेका आणि ११२ फिरवा. पर्यटकांच्या याद्यांत ही कमान हौसेने घातली जाते. लहान मुलं सोबत असतील तर आम्ही ती वगळायला सांगू.

सहावा दिवस : पोर्ट लुई

गाडी पठारावरच्या एखाद्या शहरात सोडा आणि मेट्रोने जा. पोर्ट लुईत पार्किंगसाठी कुपनं लागतात आणि जागा मिळत नाही. मध्यवर्ती बाजारात पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि जवळ फक्त छायाप्रत. अंधार पडल्यावर बाजाराच्या मागच्या गल्ल्या टाळा. ढोल पुरी म्हणजे डाळ भरलेली पोळी, ती रस्त्यावरची खायला हरकत नाही, तव्यावरची गरम घ्या. बर्फ घातलेलं आलुदा हे फालुद्यासारखं पेय पोट नाजूक असणाऱ्यांनी सोडावं.

आप्रवासी घाट, म्हणजे बंदरावरचा मजूर उतरवण्याचा जुना धक्का, पाहायलाच हवा. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर आले. मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरीकडची माणसंही त्यांत होती.

पण आकाश काळवंडलं तर शहर सोडायचं. डोंगर शहराच्या पाठीला चिकटून आहे, उतार तीव्र आणि नाले अरुंद. ३० मार्च २०१३ ला ढगफुटीसारख्या पावसात इथे ११ जण गेले, काही भुयारी मार्गात आणि काही तळघरातल्या वाहनतळात. त्यामुळे नियम साधा. पाऊस कोसळू लागला की भुयारी मार्ग आणि तळघर वर्ज्य, गाडी काढायला तर अजिबात खाली उतरू नका. पक्क्या इमारतीचा वरचा मजला गाठा.

इशारा लागला तर

चक्रीवादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिला. दुसरा शक्यतो १२ तास उजेडाची सवड ठेवून, तिसरा सहा तासांची. चौथा म्हणजे तसे झोत नोंदले गेले आणि ते चालू राहणार आहेत. तिसऱ्याला बस बंद, दुकानं बंद, विमानतळही बंद. म्हणून कामं दुसऱ्या वर्गातच उरकायची: रोकड, पिण्याचं पाणी, दोन दिवसांचं कोरडं खाणं, पेट्रोल, फोन आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग, विमान कंपनीला फोन.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हे वर्ग वाऱ्याच्या झोतांवर ठरतात, पावसावर नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी लोक कामावर पोचल्यानंतर पोर्ट लुईत पाणी चढलं आणि रस्त्यावरच्या गाड्या वाहत गेल्या. खालच्या वर्गाचा इशारा म्हणजे फिरायला मोकळीक नव्हे. मुसळधार पावसाचा इशारा वेगळा निघतो, तोही पाहा.

वारा एकदम थांबला तर वादळाचा डोळा वरून जात असेल. बाहेर पडू नका, उलट्या दिशेचा वारा परत येतो. इशारा उठल्यावरही तुटलेल्या तारा, फुगलेल्या नद्या आणि काही दिवस खवळलेला समुद्र शिल्लक असतो. नळाचं पाणी तेव्हा उकळूनच प्यावं.

सातवा दिवस : इल ओ सेर आणि परतीची तयारी

त्रू दो दूसहून होडीने इल ओ सेर. सगळे इथेच पॅराशूट उडवायला येतात. वारा जोराचा असेल तर चालक ‘चालतं’ म्हणाला तरी नको म्हणा, त्याचं पोट त्यावर आहे. शेजारच्या बेटाकडे वाळूवरून चालत जाण्याचा मोह टाळा. मधल्या अरुंद वाटेत पाणी जोरात वाहतं आणि कमरेइतक्या पाण्यात पाय सुटतो. ढगाळ दिवशीही टोपी आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, स्नॉर्केल करताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात ते संध्याकाळी कळतं.

स्कूबा डायव्हिंग मात्र आज नाही. शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ तास हवेत, अनेक बुड्या मारल्या असतील तर २४. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. डायव्हिंग चौथ्या दिवसाच्या जागी बसवा.

बॅग भरताना शिंपले, प्रवाळाचे तुकडे काढून ठेवा. पूर्व किनाऱ्यावरून विमानतळ जवळ आहे, पण फ्लिक-आँ-फ्लाकहून सकाळी निघणाऱ्यांना पठारावरची कार्यालयीन गर्दी लागते, म्हणून तासाभराच्या रस्त्याला दोन तास धरा. घरी पोचल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, सांधे धरले किंवा अंगावर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना मॉरिशसचं नाव आपणहून सांगा. तिथे डेंग्यूच्या साथी येतात आणि २०२५ मध्ये चिकुनगुन्याही पसरला होता. धबधब्यात किंवा पुराच्या पाण्यात उतरला असाल तर तेही सांगा, लेप्टोची तपासणी वेगळी लागते. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. पॅरासिटामॉल चालेल.